ख्रिस्ती दृष्टीने विज्ञान शिकवायचं म्हणजे नेमकं काय?

शाळेच्या पुस्तकात पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं दिलेलं असतं. तेच मूल रविवारी संडे स्कूलमध्ये ऐकतं, की देवाने सहा दिवसांत आकाश आणि पृथ्वी उत्पन्न केली. मग ते घरी विचारतं, यातलं खरं कुठलं? पुष्कळ ख्रिस्ती घरांत याला एक ठरलेलं उत्तर आहे: “परीक्षेत पुस्तकातलं लिही, विश्वास मात्र बायबलवर ठेव.” उत्तर प्रेमानेच दिलेलं असतं. पण त्यातून मूल शिकतं ते इतकंच, की गुणांसाठी मनात नसलेलं लिहिलं तरी चालतं. मोठेपणी कुणी त्याला खगोलशास्त्राचे किंवा जीवशास्त्राचे पुरावे नीट समजावून दिले, की विश्वास आणि विज्ञान यांपैकी एक सोडावंच लागेल असं त्याला वाटू लागतं.

तसं सोडावं लागत नाही. ख्रिस्ती दृष्टीने विज्ञान शिकवणं म्हणजे ख्रिस्ती लोकांपुरतं निराळं विज्ञान रचणं, अशी एक समजूत आहे आणि ती मला मुळातच चुकीची वाटते. पाण्याचा रेणू विश्वास ठेवणाऱ्यासाठी आणि न ठेवणाऱ्यासाठी एकच असतो. ख्रिस्ती शिक्षक निसर्गाकडे कुणाची कृती म्हणून पाहतो आणि त्या कृतीबद्दल किती खरं बोलतो, इथे त्याचं वेगळेपण असतं.

विज्ञान काय सांगतं, काय सांगत नाही

विज्ञानाची रीत साधी आहे. निसर्गातली एखादी गोष्ट पाहायची, ती कशामुळे घडत असावी याचा अंदाज बांधायचा, तो अंदाज बरोबर असेल तर आणखी काय दिसायला हवं ते ठरवायचं आणि खरोखर तसं दिसतं का ते तपासायचं. या कामात कारणं निसर्गातलीच शोधायची, अशी शिस्त आहे. वीज का पडली याचं उत्तर ढगांतल्या विद्युतभारात शोधायचं. ‘देवाला राग आला’ म्हणून थांबायचं नाही. देव मानणारे शास्त्रज्ञही प्रयोगशाळेत हीच शिस्त पाळतात.

तपासून तपासून टिकलेल्या आणि पुष्कळ निरीक्षणांचा एकत्र उलगडा करणाऱ्या स्पष्टीकरणाला विज्ञानात सिद्धांत म्हणतात. त्यामुळे “उत्क्रांती हा नुसता सिद्धांत आहे” या वाक्याने उत्क्रांती काही कमकुवत होत नाही. जंतूंमुळे रोग होतात, हाही सिद्धांतच आहे.

आता अशी कल्पना करा, की एक आई बाळासाठी अंगाई गाते आहे. ध्वनीचा अभ्यासक बरंच काही मोजेल. तिचे स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात, आवाजाची लहर हवेतून किती वेगाने जाते, बाळाच्या कानाच्या पडद्यावर काय होतं, त्याच्या हृदयाचे ठोके कसे मंदावतात. हे वर्णन अगदी पूर्ण असू शकतं, त्यात एकही फट नसेल. तरी ती का गाते आहे, हे त्या आलेखावर उमटणार नाही. तिचं प्रेम म्हणजे दोन कंपनांच्या मधे लपलेलं आणखी एखादं कारण नाही. सगळं गाणंच तिच्या प्रेमातून आलेलं आहे. देव आणि सृष्टी यांचं नातं ख्रिस्ती विश्वास साधारण असंच मानतो. देव सृष्टीतल्या अनेक कारणांपैकी एक कारण नव्हे, ती सगळी कारणं त्याच्यामुळे आहेत.

निसर्गाचा शोध ही भक्ती कशी?

बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून दोन गोष्टी सरळ निघतात. एक, सूर्य-चंद्र देव नाहीत, देवाने केलेल्या वस्तू आहेत. म्हणून त्यांची तपासणी करण्यात कुणाचा अपमान नाही. दोन, देवाने सृष्टी स्वतःच्या इच्छेने घडवली. म्हणून ती कशी असायला हवी हे आपण घरात बसून ठरवू शकत नाही, जाऊन पाहावं लागतं.

या दुसऱ्या मुद्द्याचं सर्वांत सुंदर उदाहरण मला योहान्स केपलर यांचं वाटतं. त्यांना धर्मोपदेशक व्हायचं होतं, शिक्षणही तसंच घेतलं, पण नोकरी मिळाली गणित शिकवण्याची. १५९५ साली त्यांनी आपल्या गुरूंना लिहिलं, की मी बराच काळ अस्वस्थ होतो, पण खगोलशास्त्रातूनही देवाचा गौरव होतो हे आता मला दिसतं आहे. पुढे ते मंगळाच्या कक्षेचं गणित मांडू लागले. ग्रह वर्तुळांतच फिरतात, ही प्राचीन ग्रीकांपासून चालत आलेली समजूत होती, आणि त्यांचं गणितही वर्तुळावरच उभं होतं. ते जवळपास जुळलं. फरक राहिला तो एका अंशाच्या साठ भागांपैकी आठ भागांचा, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव हिश्शाइतका.

एवढ्याशा फरकाकडे डोळेझाक करता आली असती, पण निरीक्षणं टायको ब्राहे यांची होती आणि त्या काळी त्यांच्याइतकं काटेकोर मोजणारं कुणी नव्हतं. केपलर यांनी जे लिहिलं त्याचा भावार्थ असा: देवाने आपल्या कृपेने टायकोसारखा निरीक्षक आपल्याला दिला आहे, तर ते दान आपण कृतज्ञतेने स्वीकारलं पाहिजे. त्यांनी जुळलेलं गणित बाजूला ठेवलं, नव्याने सुरुवात केली, आणि १६०९ साली जगापुढे आलं, की मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. वस्तुस्थितीपुढे आपली आवडती कल्पना सोडून देणं त्यांना देवाचे आभार मानण्यासारखं वाटलं. ख्रिस्ती शिक्षकाने विज्ञानाच्या पहिल्याच तासाला ही गोष्ट सांगावी असं मला मनापासून वाटतं.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. आधुनिक विज्ञान ख्रिस्ती धर्मातूनच जन्मलं, असा दावा काही जण करतात, तो करू नये. केपलर यांच्या आधी ग्रीक, भारतीय, चिनी आणि अरब विद्वानांनी केलेलं काम त्यांच्या पायाशी होतं. खरं श्रेय ज्याचं त्याला देणं हाही प्रामाणिकपणाचाच भाग आहे.

“पण मंडळीनेच, म्हणजे चर्चनेच, तर गॅलिलिओंना शिक्षा केली!”

केली, आणि ती चूक होती. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताचा पुरस्कार केल्याबद्दल रोममधल्या धर्मन्यायालयाने १६३३ साली त्यांना दोषी ठरवलं. १६४२ साली मृत्यू येईपर्यंत ते नजरकैदेत होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली ही चूक जाहीरपणे मान्य केली.

प्रकरण कथांमध्ये रंगवतात तितकं सरळ नव्हतं, हेही खरं. पृथ्वी फिरते याचा निर्णायक पुरावा तेव्हा गॅलिलिओंकडे नव्हता, आणि भरती-ओहोटीवरून त्यांनी दिलेला युक्तिवाद चुकीचा होता. पण म्हणून शिक्षा योग्य ठरत नाही. आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की गॅलिलिओ स्वतः विश्वासू कॅथोलिक होते. निसर्ग आणि पवित्र शास्त्र दोन्ही देवाकडूनच आले आहेत, त्यामुळे दोन सत्यांचा झगडा होऊ शकत नाही. झगडा दिसला तर आपण दोहोंपैकी काहीतरी चुकीचं वाचतो आहोत, असं त्यांनी १६१५ सालच्या पत्रात मांडलं होतं.

सहा दिवस कसे वाचायचे?

इथे लगेच आक्षेप येतो: “विज्ञानाने कोंडीत पकडलं म्हणून तुम्ही आता अर्थ बदलताय.” इतिहास पाहिला तर तसं दिसत नाही. भूगर्भशास्त्राचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, तिसऱ्या शतकात, ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानांनी विचारलं होतं, की सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर त्याआधीचे तीन दिवस, त्यांची सकाळ आणि संध्याकाळ कशा झाल्या? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप ऑगस्टीन यांनी तर बजावूनच ठेवलं. आकाश आणि पृथ्वी यांच्याबद्दल विश्वास न ठेवणाऱ्यालाही अनुभवाने पुष्कळ माहिती असते. अशा माणसासमोर ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राचा हवाला देऊन अज्ञान पाजळलं, तर येशू मेलेल्यांतून उठला या पुनरुत्थानाबद्दल तो आपलं का ऐकेल? मला वाटतं हा इशारा प्रत्येक संडे स्कूलच्या शिक्षकाने वाचावा.

१५५४ साली धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांनी उत्पत्तीवर भाष्य लिहिलं. चंद्राला तिथे ‘मोठी ज्योती’ म्हटलं आहे, पण खगोलशास्त्रज्ञांच्या मते शनी चंद्रापेक्षा मोठा आहे, ही अडचण त्यांनी लपवली नाही. उत्पत्तीचा लेखक मानल्या जाणाऱ्या मोशेने सामान्य माणसाच्या डोळ्यांना जसं दिसतं तसं लिहिलं, असं त्यांचं उत्तर होतं. ज्याला खगोलशास्त्र शिकायचं आहे त्याने दुसरीकडे जावं, असंही ते स्पष्ट म्हणाले.

अध्यायाची रचनाही पाहण्यासारखी आहे. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात: उजेड आणि अंधार, आकाश आणि पाणी, कोरडी जमीन. पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने त्या भरतात: ज्योती, पक्षी आणि मासे, पशू आणि माणूस. हा साक्षीदाराचा जबाब नाही आणि प्रयोगाची नोंदही नाही. हे सगळं कुणाचं आहे आणि ते चांगलं आहे, याची ती घोषणा आहे.

“पृथ्वी बनली तेव्हा बघायला कोण होतं?”

कुणी नव्हतं. पण घडून गेलेल्या गोष्टीच्या खुणा मागे राहतात. युरेनियम-२३८ चे अणू ठरलेल्या गतीने फुटतात आणि टप्प्याटप्प्याने त्यांचं शिसं होतं. निम्मे अणू फुटायला ४४७ कोटी वर्षं लागतात. झिरकॉन नावाचा स्फटिक तयार होताना युरेनियम आत घेतो, पण शिशाला जवळजवळ थारा देत नाही. त्यामुळे त्यात आज सापडणारं शिसं युरेनियमपासूनच आलेलं असतं, आणि दोघांचं प्रमाण मोजून स्फटिकाचं वय काढता येतं. युरेनियम-२३५ हा दुसरा प्रकार वेगळ्या गतीने फुटतो. एकाच स्फटिकातली ही दोन घड्याळं जुळतात का, तेही तपासता येतं.

“कार्बनवरून वय काढण्याची पद्धत चुकते” हे वाक्य मंडळ्यांमध्ये फार ऐकू येतं. कार्बन-१४ चे निम्मे अणू ५,७३० वर्षांतच संपतात, म्हणून ती पद्धत साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच्या, कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूंसाठीच वापरतात. प्राचीन खडकांचं वय तिने काढतच नाहीत.

मग पूर्वी अणू फुटण्याची गतीच वेगळी असेल तर? हा प्रश्न चांगला आहे, आणि त्याला आकाशानेच उत्तर दिलं. १९८७ साली एका शेजारच्या दीर्घिकेत ताऱ्याचा स्फोट दिसला. त्याच्या प्रकाशाला इथवर पोचायला सुमारे १ लाख ६० हजार वर्षं लागली होती. स्फोटात तयार झालेल्या कोबाल्ट-५६ मुळे तो प्रकाश कसा मंदावत गेला ते मोजलं, तर गती आजच्या प्रयोगशाळेत मिळते तीच निघाली.

शेवटी एक युक्तिवाद उरतो: देवाने जगच जुनं दिसेल असं बनवलं असेल. १८५७ साली फिलिप गॉस या धार्मिक निसर्ग-अभ्यासकाने हे मांडलं, तेव्हा त्यांचे परिचित धर्मोपदेशक चार्ल्स किंग्स्ली यांना ते सहन झालं नाही. देवाने खडकांवर संपूर्ण मानवजातीसाठी एक प्रचंड खोटं लिहून ठेवलं असेल यावर मी विश्वास ठेवू शकत नाही, असं त्यांनी कळवलं. मीही किंग्स्लींच्याच बाजूला आहे. पृथ्वी काही हजार वर्षांची आहे असं मानणाऱ्या अनेकांचा हेतू पवित्र शास्त्राचा मान राखण्याचा असतो, त्या हेतूचा मला आदर आहे. पण इसवी सनापूर्वी ४००४ हे निर्मितीचं साल बायबलमध्ये लिहिलेलं नाही. आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळी आणि प्राचीन इतिहास यांवरून ते १६५० साली काढलं, आणि पुढे ते बायबलच्या समासात छापलं गेलं.

उत्क्रांतीचं काय करायचं?

जशी आहे तशी, पूर्ण शिकवायची. पिढ्यानपिढ्या वारशाने येणाऱ्या गुणांत बदल होत जातात आणि एका पूर्वजापासून अनेक जाती तयार होतात, ही उत्क्रांती. एकच पुरावा पाहू. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, चिंपांझी आणि गोरिला यांच्यात २४. पूर्वज एक असेल, तर आपल्यात कुठेतरी दोन गुणसूत्रं जोडली गेली असली पाहिजेत. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तसंच निघालं. एरवी गुणसूत्राच्या टोकांना असतो तसा मजकूर त्याच्या मधोमध, समोरासमोर जुळलेल्या अवस्थेत सापडतो.

हा पुरावा पाहूनही विश्वास टिकतो, हे दाखवणारी माणसं थोडी नाहीत. डार्विन यांच्याशी पत्रव्यवहार करणारे आणि अमेरिकेत त्यांची बाजू मांडणारे वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे ख्रिस्ती होते. मानवी जनुकांचा नकाशा तयार करणाऱ्या प्रकल्पाचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स तरुणपणी नास्तिक होते, पुढे ते ख्रिस्ती झाले. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल म्हणाले, की उत्क्रांती ही आता निव्वळ गृहीतकापेक्षा अधिक आहे.

जिथे माहिती नाही तिथे देव ठेवू नये

हा मोह भल्याभल्यांना झाला. ग्रहांच्या एकमेकांवरच्या ओढीमुळे त्यांच्या कक्षा बिघडतील आणि देवाला अधूनमधून त्या नीट कराव्या लागतील, असं न्यूटन यांना वाटत होतं. शंभरेक वर्षांनी फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांनी गुरू आणि शनी यांच्या कक्षांतली गडबड ठरावीक काळाने आपोआप उलटते हे गणिताने दाखवलं, आणि देवासाठी राखून ठेवलेली ती जागा गेली. देवाला आपल्या अज्ञानात बसवलं, की ज्ञान वाढेल तसा तो लहान होत जातो.

अमेरिकेत डोव्हर गावच्या शाळेत काही सूक्ष्म अवयव इतके गुंतागुंतीचे आहेत की ते बुद्धिमान रचनेनेच झाले असतील, हा विचार उत्क्रांतीला पर्याय म्हणून आणला गेला. २००५ साली न्यायालयाने तो विज्ञान नसल्याचा निर्णय दिला. शाळा मंडळाविरुद्ध साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः कॅथोलिक आहेत.

याउलट जॉर्ज लमेत्र यांचं वागणं पाहा. हे बेल्जियमचे कॅथोलिक धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतं आहे हे त्यांनी १९२७ साली मांडलं आणि १९३१ साली सगळं विश्व एका आदिम अणूतून सुरू झालं असावं असं सुचवलं. यालाच पुढे महास्फोट म्हणू लागले. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या संशोधनात निर्मितीला दुजोरा पाहिला. कुणालाही आनंद झाला असता, पण लमेत्र यांना ते पटलं नाही. आपला सिद्धांत कुठल्याही धार्मिक प्रश्नाच्या बाहेर आहे, अशीच त्यांची भूमिका राहिली. उद्या सिद्धांत बदलला तर विश्वास का डळमळावा, आणि आज तो टिकला म्हणून विश्वासाला त्याची कुबडी का हवी? विश्वास पक्का असलेल्या माणसालाच एवढं संयमाने वागता येतं.

“सगळं नियमाने चालतं, तर चमत्कार कसे मानता?”

नेहमी काय घडतं ते विज्ञान सांगतं. चमत्कार ही नेहमीची गोष्ट असल्याचा दावा कुणी करत नाही. येशूच्या कबरेकडे निघालेल्या स्त्रियांच्या हातात सुगंधी द्रव्यं होती, कारण मेलेला माणूस उठत नाही हे त्यांना आपल्याइतकंच ठाऊक होतं. त्यांचा धक्का नियम माहीत असल्यामुळेच होता. पुनरुत्थान घडलं की नाही हा साक्षीचा आणि इतिहासाचा प्रश्न आहे. प्रयोगशाळेत तो पुन्हा करून पाहता येत नाही.

दुसऱ्या बाजूनेही एक उडी मारली जाते: “विज्ञानाला देव सापडला नाही, म्हणजे तो नाही.” प्रयोगात निसर्गातलीच कारणं शोधणं ही कामाची शिस्त आहे. निसर्गापलीकडे काही नाहीच, हे मात्र एक तत्त्वज्ञान आहे, आणि ते कुठल्याही प्रयोगातून निघालेलं नाही. मुलाला हा फरक ओळखता आला पाहिजे.

वर्गात प्रत्यक्ष काय करायचं?

विज्ञानाच्या तासाला विज्ञानच शिकवावं, उत्तरपत्रिकेत देवाचं नाव घालण्याची गरज नाही. भूकंप का झाला याचं उत्तर भूपट्टांच्या हालचालीतच द्यावं. पण शोधलेल्या ज्ञानाचं करायचं काय, हा प्रश्न येतो तेव्हा ख्रिस्ती शिक्षकाकडे बोलण्यासारखं खूप असतं. २०१८ साली चीनमधल्या एका संशोधकाने जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. हे करता येतं का, याचं उत्तर विज्ञान देतं. करावं का, हे ठरवताना प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे ही शिकवण उपयोगी पडते.

आणि खरोखर अवघड प्रश्न लपवू नयेत. पापामुळे मरण आलं असं प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्रात लिहितो, मग माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधी प्राणी कसे मरत होते? पौल तिथे माणसांच्या मरणाबद्दल बोलतो आहे, असं एक उत्तर आहे, आणि १०४ व्या स्तोत्रात सिंहाचे छावे देवाकडेच भक्ष्य मागतात, याचा त्याला आधार मिळतो. आदाम एकच माणूस होता, अनेकांचा प्रतिनिधी होता, की साऱ्या मानवजातीचं चित्र? देवाला भिऊन वागणारे अभ्यासक इथे एकमेकांशी सहमत नाहीत. मुलाने विचारलं तर हे असंच सांगावं, तिन्ही मतं समोर ठेवावीत, आपलं कुठलं आणि का तेही सांगावं, आणि रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय त्याच्याबरोबर बसून वाचावा.